काचेतला समुद्र आणि गावचा तलाव

समुद्री मत्स्यालयाचा छंद महानगरांबाहेरही पोहोचला आहे. काचेच्या पेटीत खारे पाणी, त्यात प्रवाळखडकांचा देखावा, केशरी-पांढरे क्लाउनफिश आणि निळा दिवा. वर्षभर पेटी झकास दिसते, तिसऱ्या-चौथ्या वर्षी मात्र ती हळूहळू कोमेजू लागते आणि एके दिवशी रिकामी करून माळ्यावर जाते. ती पंधरा-वीस वर्षे टिकवणारे जाणकार सांगतात, की पेटी उभी करणे सोपे, राखणे अवघड. राखण्याची ही विद्या पुस्तकापेक्षा आपल्या आणि इतरांच्या चुकांतून अधिक येते.

समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांनी नेमकी हीच विद्या काही शतके जोपासली होती. तिथे काचेच्या पेट्या नव्हत्या, गावोगावचे तलाव होते. त्यांतले बरेच आजही उभे आहेत. पण गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत त्यांच्या बाबतीत एकामागून एक चुका घडल्या. काही चुका चांगल्या हेतूने झाल्या, काही दुर्लक्षामुळे झाल्या आणि काही अजूनही चालू आहेत. त्यातले काय सुधारले, काय सुधारता येईल आणि चूक मुळात कळते कशी, हे समजून घ्यायला काचेची पेटी चांगली मदत करते. बंदिस्त पाण्याचे नियम दोन्हीकडे सारखेच. फरक आहे तो आकाराचा आणि वेळेचा.

काचेमागचा धडा

माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. हे जिवाणू नव्या पेटीत पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर नसलेला छांदिष्ट पहिल्याच आठवड्यात मासे सोडतो आणि ते मरतात. ही झाली नवशिक्याची चूक. ती लगेच दिसते, म्हणून लगेच शिकवते.

जुन्या पेटीच्या चुका मात्र उशिरा दिसतात. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागेच राहते. उतरलेली पातळी पुन्हा खाऱ्याच पाण्याने भरत गेले, तर पाणी महिन्यागणिक अधिक खारट होत जाते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. प्रवाळ आपला सांगाडा बनवण्यासाठी पाण्यातला कॅल्शियम सतत शोषतात. तो परत घातला नाही तर त्यांची वाढ थांबते. खाद्यातून येणारे फॉस्फेट वाळूत आणि खडकांत साचत राहते. ते बाहेर काढले नाही तर वर्षा-दोन वर्षांनी शेवाळ माजते आणि प्रवाळ गुदमरतात. जे आत येते ते बाहेर गेले पाहिजे, जे खर्च होते ते परत आले पाहिजे, हाच या सगळ्यातला जमाखर्च.

या छंदाच्या इतिहासातही चुकांनीच वाट दाखवली. पूर्वी पाणी 'स्वच्छ' ठेवण्यासाठी सारे निर्जंतुक करण्याकडे कल असे. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१च्या सुमारास वेगळी वाट जगापुढे मांडली. समुद्रातले जिवंत खडक त्यांच्यावरच्या सूक्ष्म जीवांसह पेटीत ठेवायचे आणि पाणी खेळते ठेवण्यापुरती हवा सोडायची. खडकांतले जीवच पाणी राखतात, हे पुढे युरोप-अमेरिकेतील छांदिष्टांनीही स्वीकारले. निर्जंतुक पेटीपेक्षा जिवंत पेटी अधिक टिकते, हा या छंदातला फार मोठा शोध.

या पेटीतली एक चूक मात्र समुद्रात गेली. १९८४मध्ये मोनॅकोच्या समुद्रशास्त्रीय संग्रहालयाखालच्या किनाऱ्यावर 'कॉलर्पा टॅक्सिफोलिया' नावाच्या हिरव्यागार समुद्री शेवाळाचा एक लहानसा पट्टा आढळला. मत्स्यालयांत शोभेसाठी वापरले जाणारे हे शेवाळ कणखर होते आणि तुटलेल्या तुकड्यातूनही वाढत होते. सुरुवातीला तो पट्टा एका माणसाला उपटून टाकता आला असता. कोणी उपटला नाही. पुढच्या दोन दशकांत ते भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरले. ही गोष्ट लक्षात ठेवायची, कारण तिचाच एक भाऊबंद आपल्या तलावांच्या काठी भेटणार आहे.

जाता जाता एक सूचना. भारतात खडक बांधणारे प्रवाळ २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून प्रवाळ काढणे, त्यांची खरेदी-विक्री करणे किंवा ते घरी बाळगणे हा गुन्हा आहे. दुकानात कोणी 'लाइव्ह कोरल' पुढे केले, तर हे ध्यानात असावे.

मामा तलावांची व्यवस्था

पूर्व विदर्भात 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि काही प्रमाणात नागपूर या जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यातले प्रत्येकी दीड हजारांहून अधिक चंद्रपूर आणि गडचिरोलीत मोडतात. १९८२पर्यंत हे दोन्ही मिळून एकच चांदा अर्थात चंद्रपूर जिल्हा होता.

या तलावांचा वारसा गोंड राजवटीपर्यंत जातो. जंगल साफ करून गाव वसवील त्याला गावाचा अधिकार आणि तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन, असे चांद्याच्या गोंड राजांचे धोरण असल्याचे सांगितले जाते. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कसब विशेष. उताराची नस ओळखून दोन टेकड्यांच्या मध्ये मातीची पाळ घालायची, जादा पाणी सुखरूप निघून जाण्यासाठी एका बाजूला सांडवा ठेवायचा आणि शेताला पाणी सोडण्यासाठी पाळीतून तुडुम काढायचा, अशी ही रचना. तुडुम म्हणजे टप्प्याटप्प्याने उघडणारे पाण्याचे दार. इंग्रजी अमलात, १८६०च्या दशकातील जमाबंदीत, गावांची मालकी मालगुजारांकडे गेली आणि तलावही त्यांच्या नावे लागले.

या भागात पाऊस भरपूर, वर्षाला साधारण १,२०० ते १,५०० मिलिमीटर. पण तो जवळजवळ सारा चार महिन्यांत पडतो आणि त्यातही मध्येच दडी मारतो. धानाला ऐन निसवण्याच्या वेळी पाणी मिळाले नाही, तर पीक हातचे जाते. ही दोन-तीन पाण्यांची उणीव भरून काढणे हे तलावाचे पहिले काम. त्याशिवाय गुरांना पाणी, विहिरींना झरे, मासळी, शिंगाडा आणि कमळकंद हे सारे त्यातूनच. ढिवर समाजाचे तर पोटच तलावावर.

पेटीचा जमाखर्च इथेही होता. पावसाबरोबर गाळ आत येई. उन्हाळ्यात पाणी उतरले, की शेतकरी बैलगाड्यांनी तो गाळ काढून शेतात टाकीत. तलाव खोल राही, शेत सकस होई. पाळीवरची घूस-उंदरांची बिळे बुजवणे, सांडव्याची डागडुजी, पाटांची सफाई ही कामे पावसाळ्याआधी ठरलेली असत. पाण्याची पाळीपाळीने वाटणी करायला गावाने नेमलेला माणूस असे. तलावाचा बराच भाग उन्हाळ्यात कोरडा पडे, माती तापे, तडकत असे. साचलेला पालापाचोळा कुजून जिरे. मधल्या खोलगट भागात थोडे पाणी उरे आणि त्यात मासे तग धरत.

या व्यवस्थेचे उगाच गोडवे गाण्याचे कारण नाही. मालगुजाराचा शब्द गावात शेवटचा असे, वेठीने कामे होत आणि पाण्यात सगळ्यांचा वाटा सारखा नव्हता. तरीही एक गोष्ट तिच्यात होती. तुडुम गळू लागला, तर ज्याचे धान वाळणार होते तोच माणूस तो दुरुस्त करायला जबाबदार होता. चूक आणि तिचा फटका यांच्यात अंतर नव्हते.

पहिली चूक : मालक बदलला, राखणदार गेला

त्या वेळी विदर्भ मध्य प्रदेशात होता. १९५०च्या कायद्याने मालकी हक्क रद्द झाले आणि १९५१मध्ये मालगुजारी संपली. मालगुजारी जाणे न्याय्यच होते. पण तिच्याबरोबर तलावही सरकारजमा झाले. गावकऱ्यांचे पाणी वापरण्याचे निस्तार हक्क कागदावर नोंदले गेले. तलाव राखण्याचे काम मात्र कुणाच्या नावे नीट लागले नाही. पुढे १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मासेमारीचा ठेका वेगळ्या खात्याच्या नियमांनी दिला जाऊ लागला. तलावाच्या पोटातली जमीन महसूल खात्याची, येवा क्षेत्रातले जंगल वन खात्याचे.

म्हणजे एका पेटीचे पाणी एकाने बदलायचे, मासे दुसऱ्याने सोडायचे, दिवा तिसऱ्याने लावायचा आणि काच पुसायची ती कोणीच नाही! त्यात पाणीपट्टीचा वाद उभा राहिला. आजोबा-पणजोबांनी बांधलेल्या तलावाच्या पाण्यासाठी पैसे का द्यायचे, हा गावकऱ्यांचा सवाल. आणि पट्टी मिळत नाही तर दुरुस्ती कशातून करायची, हा यंत्रणेचा. दोघांच्या भांडणात गाळ साचत गेला. उघड्या पडलेल्या गाळपेरीच्या जमिनीवर अतिक्रमणे झाली. तलाव भरला की अतिक्रमणातले पीक बुडते, म्हणून काही ठिकाणी सांडवाच खाली फोडला गेला. तलाव एका दिवसात मेले नाहीत. दरवर्षी ते थोडे उथळ झाले आणि दरवर्षी थोडी कमी जमीन भिजली.

दुसरी चूक : बेशरमचे कुंपण

तलावाकाठी फिकट जांभळ्या फुलांची, हात-दोन हात उंचीपासून पुरुषभर वाढणारी झुडपे सगळ्यांनी पाहिली आहेत. तिचे शास्त्रीय नाव 'आयपोमिया कार्निया'. लोकांनी तिचे नाव ठेवले बेशरम, कारण कितीही तोडली तरी ती पुन्हा उगवते. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, फांदी खोवली की रुजते, पाणी असो-नसो तगते, म्हणून कुंपणासाठी आणि बांध धरून ठेवण्यासाठी तिची लागवड झाली. हेतू चांगला होता. जे गुण कुंपणाला हवे होते तेच तलावाला भोवले.

बेशरमची फांदी पाण्यात पडली की वाहत जाऊन दुसऱ्या काठाला रुजते. ती नेमकी उथळ पाण्याची जागा घेते. देशी पाणवनस्पती, माशांची अंडी घालण्याची ठिकाणे आणि पाणपक्ष्यांचे चरण्याचे पट्टे त्याच जागेत असतात. तिच्या दाट खोडांत गाळ अडकतो, त्यामुळे काठ आणखी उथळ होतो आणि तिलाच आणखी जागा मिळते. जाळे टाकणाऱ्या ढिवराला तर तिथे पाऊलही ठेवता येत नाही. मोनॅकोच्या शेवाळाची आणि या झुडपाची कथा एकच. कणखरपणासाठी निवडलेली परकी वनस्पती, तुकड्यातून वाढण्याची ताकद, आणि लहान होती तेव्हा न उपटल्याची किंमत.

तिसरी चूक : मासे वाढवताना मासळी गेली

तलावात पूर्वी मासे 'सोडले' जात नसत, ते असत. पहिल्या पावसात ओढ्यांतून मासे तलावात चढत, पाणवनस्पतींच्या आडोशाला अंडी घालत. मरळ आणि मांगूर यांच्यासारखे मासे हवेतला प्राणवायूही घेऊ शकतात. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी आटले, गरम झाले, गढुळले तरी ते चिखलात तग धरत. उथळ, हंगामी तलावासाठी निसर्गाने घडवलेले हे मासे. बाजारात त्यांना भावही चांगला.

१९५७मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाची सुई देऊन कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणण्यात यश मिळवले. भारतीय मत्स्यव्यवसायातील ही मोठी झेप. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात आपण होऊन वीण घालत नाहीत; त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. सुईमुळे त्यांचे बीज केंद्रात तयार होऊ लागले आणि देशभरच्या तलावांत पोहोचले. १९५९मध्ये चंदेरा आणि गवत्या हे चिनी वंशाचे कार्प भारतात आणले गेले, सायप्रिनसही आला. सहा जाती एकत्र वाढवायच्या, प्रत्येकीचे खाद्य वेगळे, उत्पादन अनेक पट, अशी ही योजना. खोदलेल्या, खत-खाद्य दिलेल्या शेततळ्यात ती यशस्वी ठरली.

चूक झाली ती तळ्याचा उपाय तलावाला लावण्यात. गवत्या कार्प नावाप्रमाणे पाणवनस्पती खातो. शेततळ्यात ते कामाचे, तलावात मात्र देशी माशांचा आडोसाच नाहीसा होतो. सायप्रिनस तळ उकरून खातो, पाणी गढूळ करतो आणि गढूळ पाण्यात उजेड न पोहोचल्याने उरलेल्या वनस्पतीही खुरटतात. देशी मासे कमी झाले, की बीज दरवर्षी विकत आणणे भाग पडते. पाऊस लांबला वा तलाव लवकर आटला, तर गुंतवलेले पैसे बुडतात. मच्छीमार संस्थेच्या वहीत उत्पादनाचे आकडे वाढल्यासारखे दिसले, तरी ढिवरांच्या घरात रोजच्या कालवणाला येणारी लहानसहान मासळी घटली. ती टोपलीभर मासळी कधी कुठल्या तक्त्यात मोजलीच जात नव्हती, त्यामुळे ती गेल्याचेही तक्त्यात दिसले नाही.

काचेच्या पेटीतही हेच होते. दुकानात सुंदर दिसणारा मासा पेटीत आणला आणि तो प्रवाळ कुरतडणाऱ्या जातीचा निघाला. मासा वाईट नसतो, तो त्या पेटीचा नसतो.

चौथी चूक : गाळ काढण्याची घाई

गाळ साचला हे सर्वांना कळले, तेव्हा तो काढण्याच्या योजना आल्या. जलयुक्त शिवार, २०१७ची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना, मामा तलावांच्या दुरुस्तीचे कार्यक्रम. गाळ काढणे आवश्यकच आहे. प्रश्न कसा काढायचा, हा आहे.

बैलगाडीने गाळ काढला जात होता तेव्हा तो थोडाथोडा, दरवर्षी आणि निवडक जागचा निघे. यंत्राने तो पंधरा दिवसांत निघतो. घनमीटरवर बिल निघत असल्याने जास्तीत जास्त उकरण्याकडे कल असतो. त्यातून तीन प्रकारची हानी होते. एक, तलावाचा सौम्य उतार जाऊन खड्ड्यासारखा सरळ काठ तयार होतो. उथळ पट्टा गेला की वनस्पती, अंडी आणि पक्षी यांची जागा जाते. दोन, तळाचा चिकणमातीचा थर फुटला तर पाणी जिरून जाते आणि पाळीच्या पायथ्याशी खोदले तर पाळच कमकुवत होते. तीन, वनस्पतींचे कंद आणि बिया गाळाबरोबर बाहेर जातात. उरतो तो पाण्याचा खड्डा. त्यात पाणी दिसते, पण त्या पाण्याला राखणारे जीव नसतात. पेटी धुऊन, वाळू उकळून, खडक घासून 'स्वच्छ' करणाऱ्या उत्साही मालकाची ही चूक आहे.

शहरातला तलाव : रामाळा

चंद्रपूर शहराच्या मध्यभागी असलेला गोंडकालीन रामाळा तलाव ही या चुकांची शहरी आवृत्ती. इथे गाळापेक्षा सांडपाण्याचा प्रश्न मोठा. नाल्यांतून येणाऱ्या सांडपाण्याबरोबर नत्र आणि स्फुरद येतात. काचेच्या पेटीत ज्या फॉस्फेटने शेवाळ माजते, त्याच द्रव्यांवर इथे जलपर्णी पोसते. जलपर्णीने पाणी झाकले की उजेड आणि हवा आत जात नाही. ती कुजली की उरलासुरला प्राणवायूही संपतो. म्हणून नुसती जलपर्णी काढणे हा उपाय नव्हे. खाद्य येणे चालू असेल, तर ती पुन्हा येणारच.

'इको-प्रो' संस्थेचे बंडू धोतरे यांनी फेब्रुवारी-मार्च २०२१मध्ये या तलावासाठी उपोषण केले. त्यानंतर प्रशासन हलले, पाणी सोडून तलावातील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. शहराच्या किल्ल्याची स्वच्छता करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तलावाचा प्रश्न ऐरणीवर आणावा, हे महत्त्वाचे. तरीही रामाळ्याचा खरा निकाल नाल्यांच्या तोंडाशी लागणार आहे. एक नाला जरी उघडा राहिला, तरी दहा वर्षांनी हाच खर्च पुन्हा करावा लागेल.

दुरुस्ती कशी होते

चुका सुधारल्याची उदाहरणे आहेत आणि ती शेजारीच आहेत. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि त्यांच्या 'फीड' या संस्थेने ढिवरांच्या मच्छीमार संस्थांबरोबर तलावांचे काम केले. त्यांनी पहिले काम केले ते ऐकण्याचे. कुठल्या वनस्पतीच्या आडोशाला कुठला मासा अंडी घालतो, कुठली वनस्पती कुठल्या मातीत आणि किती खोलीत येते, कुठला पक्षी काय खातो, ही माहिती वयस्क ढिवरांकडे होती. ती मांडून घेतली गेली, तपासली गेली.

मग कामाचा क्रम ठरला. पावसाळ्यापूर्वी बेशरम मुळासकट काढायची. उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरायचा, म्हणजे घट्ट झालेली माती मोकळी होते आणि लावलेली रोपे रुजतात. पावसाच्या तोंडावर हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, सेराटोफायलम अशा पाण्याखाली वाढणाऱ्या आणि कमळवर्गातल्या पानतरंगत्या देशी वनस्पती लावायच्या. गवत्यासारखे परके मासे सोडायचे थांबवायचे. देशी माशांना विणीच्या काळात हात लावायचा नाही. जिथे हे नेटाने झाले तिथे देशी मासळी वाढत असल्याचा अनुभव मच्छीमार संस्थांना आला, पाणपक्षीही आले.

यात नवे तंत्र फारसे नाही. ली चिन एंग यांनी जिवंत खडक पेटीत ठेवले, ढिवरांनी जिवंत वनस्पती तलावात ठेवल्या. पाणी राखायचे असेल, तर पाणी राखणारे जीव आधी राखायचे. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. एका तलावात जमलेले दुसऱ्यात जसेच्या तसे उतरवण्याची घाई केली नाही. माती, खोली, पाणी किती महिने टिकते, हे पाहून वनस्पती निवडल्या.

चूक कुणाला कळते?

काचेच्या पेटीचा मालक रोज पेटीसमोर बसतो. प्रवाळाचा रंग उतरला, मासा कोपऱ्यात बसून राहिला, तर त्याला आठवड्यात कळते. तलावाची चूक दहा-वीस वर्षांनी उमटते. तोवर अधिकारी बदललेले असतात, योजनेचे नाव बदललेले असते आणि ज्याने गवत्या कार्प सोडायला सांगितले तो निवृत्त झालेला असतो. चूक करणारा आणि चूक भोगणारा वेगवेगळे असले, की चुकीतून शिकणारे कोणीच उरत नाही. मालगुजारी गेल्यानंतर तलावांचे जे झाले त्याचे मूळ इथे आहे.

म्हणून दुरुस्तीचा पहिला भाग अधिकाराचा आहे. २००६च्या वनहक्क कायद्यात जलाशयांतील मासळी आणि अन्य उत्पन्नावरचा सामूहिक हक्क स्पष्टपणे मान्य केलेला आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६च्या 'पेसा' कायद्यात लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवण्याची तरतूद आहे, महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४मध्ये केले. गडचिरोलीचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणजे तिथल्या गावांच्या हाती हे साधन आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून हे गाव आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे, ती म्हणजे अभ्यासगट. प्रश्न आला की गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसतात, माहिती गोळा करतात आणि मग ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. पोळे नष्ट न करता मध कसा काढावा, याचाही अभ्यास तिथे झाला. चुकीतून शिकण्याची ही गावपातळीवरची संस्थाच म्हणायची.

दुसरा भाग नोंदीचा. अनुभवी छांदिष्टाची वही असते. तारीख, तापमान, क्षारता, काय घातले, काय काढले, काय मेले. स्मरणशक्तीवर विसंबणारा तीच चूक तिसऱ्यांदा करतो. तलावाचीही अशी वही हवी. सांडवा कोणत्या तारखेला वाहिला, दर महिन्याला पाण्याची पातळी किती, बेशरम कुठवर आली, कोणते मासे जाळ्यात आले आणि कोणते यंदा आले नाहीत, किती गाड्या गाळ कुठून निघाला. २००२च्या जैवविविधता कायद्याखाली लोक जैवविविधता नोंदवही करण्याची तरतूद आहेच. ती एकदा छापून कपाटात ठेवण्याऐवजी तलावाचे पान दरवर्षी भरले, तर वीस वर्षांनी दिसणारी चूक पाच वर्षांत दिसू लागेल.

तिसरा भाग आहे सावकाशीचा. समुद्री पेटी राखणारे एकमेकांना सांगतात, की तिच्यात झटपट होते ते सहसा वाईटच होते. एका वेळी एकच बदल करा, थांबा, पाहा. तलावाच्या बाबतीतही सगळा गाळ एका उन्हाळ्यात काढण्यापेक्षा तीन उन्हाळ्यांत काढावा, उथळ काठाचा पट्टा तसाच सोडावा, नवी मासळी सोडण्याआधी एका तलावात करून पाहावी. मार्चअखेरीस निधी खर्च करायचा असतो तेव्हा हे पटणे कठीण, हे मान्य. पण तलावाला आर्थिक वर्ष कळत नाही, त्याला पावसाळा कळतो.

शहरात राहणाऱ्या वाचकाला यात काय करता येईल? ज्याच्या घरी मत्स्यालय आहे त्याने एक पथ्य जरूर पाळावे. नको झालेले मासे, वनस्पती, गोगलगायी जवळच्या तलावात वा नाल्यात सोडू नयेत. दयेपोटी केलेली ही कृती मोनॅकोच्या वाटेने जाते. ज्याच्या शहरात तलाव आहे त्याने सुशोभीकरणाच्या आराखड्यात कारंजे आणि पदपथ यांच्याआधी नाल्यांचे काय केले, हे विचारावे. आणि ताडोब्याला जाताना वाटेत धानाच्या बांध्यांमागे मातीची एखादी लांबलचक पाळ दिसली, तर क्षणभर थांबून तिच्याकडे पाहावे. तिच्या मागचे पाणी शेकडो वर्षे टिकले ते पाळ मजबूत होती म्हणून जेवढे, तेवढेच ती दरवर्षी कोणीतरी तपासत होते म्हणून. तो 'कोणीतरी' पुन्हा नेमणे, हे आताचे काम आहे.